हेलिकॉप्टर आलं, पण टेकायचं कुठं?

अध्यक्षांनी विषय सांगितला: सैन्यदलाची हेलिकॉप्टरं आणि पूरबचाव. विषय तोच आहे. फक्त मी सुरुवात ब्रह्मदेशातून करणार, आणि ओळखीच्या मंडळींना ठाऊक आहे, तिथून मी लवकर परत येत नाही.

एप्रिल १९४४. जपानी फौजांच्या पिछाडीला, जंगलात अमेरिकेचं एक छोटं विमान पडलं. वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक अडकले. सोडवायला विमान उतरवावं तर जागा नाही. मग लेफ्टनंट कार्टर हार्मनला वायआर-४बी घेऊन पाठवलं. हेलिकॉप्टर म्हणायचं एवढंच. वैमानिकाशिवाय एकच माणूस मावणार! (हा हार्मन पुढं संगीतसमीक्षक झाला. इंजिनाचा सूर बिघडलेला त्याला इतरांआधी कळत असणार. हसा की, परवानगी आहे.) एकेक जखमी उचलायचा, नदीकाठच्या वाळूवर आणायचा, तिथून पुढं साधं विमान. दोघं निघाले आणि इंजिन तापून बसलं. रात्र तशीच काढली. उरलेले दोघं दुसऱ्या दिवशी सुटले. लढाईत हेलिकॉप्टरनं माणसं सोडवल्याची ही पहिली नोंद.

आता एप्रिलचं ऊन म्हणजे काय, हे सोलापुरात कुणाला सांगायचं? हवा तापली की विरळ होते. पात्यांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. त्यात हवेत एका जागी थांबणं हे पुढं जाण्यापेक्षा जास्त ताकद खातं, आणि बचावात तर थांबायचंच असतं. २०१३ च्या पुरात साडेतीन हजार मीटरवरच्या केदारनाथला उंचीनं तोच त्रास दिला. हवाई दलाच्या एमआय-१७ व्ही५ हेलिकॉप्टरमध्ये ३६ सैनिक बसतात हे पुस्तकात खरं. त्या दिवशीच्या हवेत किती, ते वैमानिक ठरवतो. म्हणून छपरावरचा माणूस “ट्रंक पण घ्या” म्हणाला आणि नाही घेतली, तर तो माज नव्हे. वजनाचा हिशेब आहे तो.

आता माझं जुनं दुखणं. निवडणुकीच्या सभेला नेता हेलिकॉप्टरनं येतो तेव्हा काय होतं? मैदानावर रोलर फिरतो. धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारतात. फक्कीनं गोल, त्यात एच. अग्निशमनाचा बंब उभा, पोलिसांचं कडं. म्हणजे कसं करायचं ते आपल्याला येतं! पण सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरानं गावं वेढली, तेव्हा नदीकाठच्या किती ग्रामपंचायतींकडं अशी एक जागा ठरलेली होती? हेलिकॉप्टर दिसलं की आपण काय करतो, तर मोबाईल काढून खाली पळतो. वर सुटे पत्रे. आपल्या सोलापुरातल्या पत्रा तालमीचं नाव काढत नाही मी, तुम्हीच हसताय.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतात, म्हणजे तीन.

तर मुद्दा. प्रत्येक नदीकाठच्या गावानं पावसाळ्याआधी उंचावरची एक मोकळी, घट्ट जागा ठरवावी. विजेच्या तारा, झाडं, मोबाईलचा टॉवर नको. अक्षांश-रेखांश तहसीलला कळवून ठेवावेत. आसपासचे पत्रे, ताडपत्री, कडब्याच्या पेंढ्या बांधून टाकाव्यात. पात्यांच्या वाऱ्यानं त्या उडून वर गेल्या तर हेलिकॉप्टरच पडू शकतं. वारा कुठून येतो ते कळायला काठीला एक धोतर बांधा, चालेल. शेपटीकडून कुणी जवळ जायचं नाही, तिथलं छोटं पातं फिरताना दिसत नाही. आणि वरून दोर सोडला तर झडप घालू नका. आधी त्याला जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्या. उडताना हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साठते, तिचा झटका पहिल्या हाताला बसतो. प्रश्न बाहेर चहाला विचारा, माईक काढून घेतायत.