कोयनेचा हिशेब

[दृश्य: धरणाची भिंत. मागे डोंगरांत लांबवर शिरलेला शिवसागर.]

कोयनानगरला पाण्याचं वर्ष १ जूनला बदलतं. पाऊस आलेला असो नसो, ३१ मेला जुनं खातं बंद होतं आणि दुसऱ्या दिवशी नवं उघडतं. धरणावरची माणसं याला तांत्रिक वर्ष म्हणतात. धरणात किती पाणी आलं, पश्चिमेकडे विजेसाठी किती गेलं, पूर्वेकडे सिंचनाला किती सोडलं, पुराचं म्हणून किती सोडावं लागलं, उन्हानं किती उडून गेलं, सगळ्याची टीएमसीत नोंद. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. शिवसागरात, म्हणजे या धरणाच्या जलाशयात, १०५.२५ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी पश्चिमेला वळवायची मुभा कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने दिली. टंचाईच्या वर्षी यातल्या एकेका टीएमसीसाठी मंत्रालयात बैठका बसतात.

याच पाण्याखाली ज्यांची घरं आणि शेतं गेली, त्या माणसांचं खातं मात्र साठ वर्षं उलटली तरी बंद झालेलं नाही. हा माहितीपट त्या खात्याबद्दल आहे. पण आधी नदी समजून घ्यायला हवी.

[दृश्य: महाबळेश्वरचा पाऊस. मग नकाशा, नदीची रेघ वरून खाली उमटते.]

कोयना महाबळेश्वरला उगम पावते. कृष्णाही तिथलीच. कृष्णा वाईकडे उतरते, तर कोयना सह्याद्रीच्या मुख्य रांगेला चिकटून थेट दक्षिणेला जाते, साठ-पासष्ट किलोमीटर. हेळवाकजवळ ती एकदम पूर्वेला वळते, पाटणवरून कराडला पोहोचते आणि प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. नकाशावर तिचा दक्षिणेकडचा प्रवास नीट बघा. पात्रापासून काही किलोमीटरवर पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आहे आणि कड्याखाली कोकण. मधला डोंगर पोखरला की पाण्याला जवळपास पावणेपाचशे मीटरची उडी मिळते. धरणाच्या पायथ्याशी वीजगृह बांधून एवढी उंची कधीच मिळाली नसती.

टाटांच्या कंपनीने ही जागा पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच हेरली होती. खोपोली, भिवपुरी, भिरा इथं त्यांनी हेच केलं. घाटमाथ्यावर पाणी अडवायचं, ते कोकणात पाडायचं आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. त्यापायीच, धरणाखाली जमिनी जाऊ नयेत म्हणून, १९२१ साली मुळशी पेटलं. सेनापती बापटांच्या मागे मावळातला शेतकरी उभा राहिला, तुरुंगात गेला आणि हरला. मुळशीचं पाणी आजही भिऱ्याला वीज करतं. कोयनेच्या खोऱ्यात कुदळ पडली तेव्हा या घटनेला तीस वर्षं होऊन गेली होती, देश स्वतंत्र झाला होता. मुळशीतून काही शिकायला तेवढा वेळ पुरेसा होता, असं आम्हाला वाटतं.

[दृश्य: बांधकामाची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

धरण उभं राहिलं देशमुखवाडीजवळ. १०३ मीटर उंच, आठशे मीटरहून लांब, रबल काँक्रीटचं, म्हणजे मोठे दगड रचून मधल्या जागेत काँक्रीट भरलेलं. १९६२ मध्ये कोकणाच्या बाजूच्या पोफळी वीजगृहाचा पहिला संच फिरला आणि १९६४ मध्ये धरण पुरं झालं. ज्यांनी ते बांधलं त्यांच्याबद्दल मनात आदर ठेवूनच पुढचं ऐका. या डोंगरात पावसाळ्यात चार-चार महिने सूर्य दिसत नाही. तेव्हा इथं धड रस्ते नव्हते. त्या काळात हे काम झालं.

[दृश्य: पोफळी. बोगद्याचं तोंड. गाडी आत शिरते, बाहेरचा उजेड मागे पडतो.]

पोफळीचं वीजगृह डोंगराच्या पोटात आहे. गाडी बोगद्यातून आत जाते आणि कातळात कोरलेलं भलंमोठं दालन समोर येतं. नवजाकडून जलाशयाचं पाणी बोगद्यातून येतं, सर्ज वेल नावाच्या उभ्या विहिरीपाशी त्याचा धक्का सावरला जातो, आणि मग पोलादी नळांतून ते खाली झेपावतं. तळाशी पेल्टनची चाकं. चाकाच्या कडेला वाट्या बसवलेल्या असतात आणि पाण्याची धार त्या वाट्यांवर आदळते. घरातल्या नळाची धार हातानं अडवता येते. या धारेसमोर हात गेला तर तो उरणार नाही. चाक फिरतं, वर जनित्र फिरतं, आणि शक्ती देऊन झालेलं पाणी, ज्याला इथं अवजल म्हणतात, निमूट बाहेर पडतं.

बाहेर त्याला पुन्हा अडवतात, कोळकेवाडीच्या धरणात. तिथून ते अलोऱ्याच्या वीजगृहात आणखी एकदा पडतं, मग वाशिष्ठीला मिळतं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जातं. महाबळेश्वरचा जो पाऊस बंगालच्या उपसागराला जायचा, तो असा अरबी समुद्रात पोहोचतो.

चौथा टप्पा आला १९९९ मध्ये. त्या वर्षी १३ मार्चला इथं लेक टॅपिंग झालं. जलाशय रिकामा करणं परवडणारं नव्हतं, म्हणून नॉर्वेत रुळलेली पद्धत आणली. तळ्याच्या खालून बोगदा खणत वर यायचं, शेवटचा काही मीटर कातळ शिल्लक ठेवायचा, आणि वर पाणी भरलेलं असताना तो सुरुंगानं उडवायचा. दुसऱ्यांदा हाच प्रयोग एप्रिल २०१२ मध्ये झाला, जलाशय आणखी खाली गेला तरी पाणी घेता यावं म्हणून.

पहिला आणि दुसरा टप्पा मिळून ६०० मेगावॉट, तिसरा ३२०, चौथा १,०००, धरणाच्या पायथ्याचं वीजगृह ४०. एकूण १,९६०. पण कोयनेची खरी किंमत या बेरजेत दिसत नाही. कोळशाचा संच थंड झाला की तापायला तासन् तास लागतात. जलविद्युत संच काही मिनिटांत चालू होतो. संध्याकाळी राज्यभर दिवे, पंखे, पंप एकदम सुरू होतात तेव्हा ती वाढीव मागणी कोयना उचलते. तुमच्या घरात त्या वेळी वीज जात नसेल, तर त्यात या डोंगराचा वाटा आहे.

[दृश्य: बामणोलीचा धक्का. लाँच सुटते. दोन्ही काठांना उघडी पडलेली तांबडी माती.]

आता पाण्याखालचं.

जावळी, पाटण, महाबळेश्वर या तीन तालुक्यांतली शंभराच्या आसपास गावं शिवसागराच्या बुडित क्षेत्रात गेली. नदीकाठची भातखाचरं, हीच या खोऱ्यातली चांगली जमीन. वर डोंगरउतारावर नाचणी, वरी. पाण्यानं आधी खाचरं घेतली.

तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. होता तो १८९४ चा इंग्रजांचा भूसंपादन कायदा. त्यात जमीन घेण्याची तरतूद होती, माणूस पुन्हा उभा करण्याची नव्हती. ज्याच्या नावावर जमीन, त्याला रोख मोबदला. रोख पैसा ज्यांनी आयुष्यात फारसा हाताळला नव्हता, त्यांच्या हातात तो किती टिकणार? महाराष्ट्राने धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला १९७६ मध्ये. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य, आणि त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण तोवर कोयनेचं पाणी चढून तप उलटलं होतं.

लोक पांगले. कुणाला सोलापूर जिल्ह्यात जमीन दाखवली, कुणाला सांगलीकडे, कुणाला रायगड, ठाणे, रत्नागिरीत. धो धो पावसातल्या भातशेतीत वाढलेला माणूस सोलापूरच्या कोरड्या माळावर जाऊन उभा राहिला. गाव एका ठिकाणी गेलं असंही नाही. भावकी फुटली, सोयरिकी लांबल्या, गावदेवाची पालखी कोणी आणि कुठे काढायची हाही प्रश्न झाला. ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांनी मुंबई गाठली. पाटण-जावळीचा माणूस मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहताना दिसतो तो आजचा नाही. माथाडी कामगारांत सातारा जिल्ह्याचा भरणा पहिल्यापासून मोठा. या तालुक्यांतून मुंबईला जाण्याची वाट धरणाआधीचीच. धरणानं परत येण्याची वाट बुडवली.

[दृश्य: लाँचमधून. एक बाई मांडीवर किराण्याची पिशवी धरून बसली आहे. मागे इंजिनाचा आवाज.]

आणि काही जण खोऱ्यातच राहिले, पाण्याच्या रेषेच्या वर सरकून. पलीकडच्या काठावर, कांदाटी खोऱ्यात. तिथला जुना रस्ता पाण्याखाली गेला. दवाखाना, बाजार, शाळेची पुढची इयत्ता, सगळ्याला लाँच. बाळंतीण अडली तरी लाँच. ज्या पाण्यानं मुंबई उजळली त्या पाण्याच्या काठच्या काही वाड्यांवर वर्षानुवर्षं विजेचा खांब पोहोचला नव्हता. पुढे १९८५ मध्ये हे जंगल कोयना अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. जंगल वाचायला हवं, यात शंका नाही. पण एकदा धरणासाठी वर सरकलेल्या माणसाला वाघासाठी पुन्हा उठायला सांगताना त्याच्या पहिल्या उठण्याचा हिशेब झाला होता का, हे आधी विचारायला हवं होतं.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या घरांची जोती दिसू लागतात. माहीतगार माणूस लाँचमधून बोट दाखवून सांगतो, हे आमचं आवाड, ही विहीर, हा देवळाचा चौथरा.

[दृश्य: १९६७. कोसळलेली घरं. कोयनानगर.]

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. थंडीचे दिवस, लोक गाढ झोपेत. जमीन हलली ती मुंबई-पुण्यापर्यंत जाणवली. कोयनानगरमधली बहुतेक घरं पडली किंवा मोडकळीला आली. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, हजारो जखमी झाली. धरणाच्या भिंतीला वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या, पण भिंत टिकली. ती टिकली नसती तर कराड-सांगलीचं काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. पुढे आधाराचं काँक्रीट चढवून धरण मजबूत केलं. सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण तर २००६ पर्यंत चाललं.

दख्खनचं पठार म्हणजे भूकंपाला न हलणारी जागा, असा तोवरचा समज. पाणी साठायला लागल्यानंतर हादरे सुरू झाले, हे लोक सांगत होते. आता जगभरचे भूशास्त्रज्ञ कोयनेकडे जलाशयामुळे चाळवल्या जाणाऱ्या भूकंपांचं ठळक उदाहरण म्हणून पाहतात. पाणी भूकंप घडवतं असं नाही. खडकात ताण आधीच साठलेला असतो. जलाशयाचं वजन आणि भेगांतून खोल झिरपणारं पाणी त्या ताणाला वाट करून देतं. १९६७ पासून इथं पाच रिश्टरच्या पुढचे वीसहून जास्त धक्के बसले आहेत. त्यांचा मागोवा घ्यायला कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, आणि गोठण्याला जमिनीत तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं आहे. पाटण तालुक्यात भांडी खडखडली की लोक आजही आधी अंगणात येतात, मग एकमेकांना फोन करतात.

[दृश्य: टेंभू योजनेचे पंप. मग चिपळूण बाजारपेठ.]

पाण्याचे वाटेकरीही बदलले आहेत. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी दुष्काळी भागात नेलं. उन्हाळ्यात कृष्णेत पाणी हवं तर ते कोयनेतूनच सुटायला हवं. २०२३ मध्ये धरण पूर्ण भरलं नाही, तेव्हा सांगलीला पाणी सोडण्यावरून जाहीर भांडण झालं. पश्चिमेला गेलेलं पाणी परत वर आणता येत नाही, हा सांगलीकरांचा मुद्दा बिनतोड आहे. दुसरीकडे चिपळूणकर. २२ जुलै २०२१ च्या पुरानं बाजारपेठ बुडाली तेव्हापासून कोळकेवाडीतून पाणी कधी आणि किती सोडलं जातं, याचा जाब ते विचारतात. तेच अवजल मुंबईला न्यायची चर्चाही अधूनमधून होते.

[दृश्य: कोयनानगर, ठिय्या आंदोलनाची छायाचित्रं.]

२०१८ मध्ये श्रमिक मुक्ती दल ही धरणग्रस्तांसाठी लढणारी संघटना आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली धरणग्रस्त कोयनानगरला आठवडेच्या आठवडे ठिय्या देऊन बसले. ज्यांनी गाव सोडलं त्यांची नातवंडं त्यात होती. मागणी काय? कोणाची किती जमीन गेली, कोणाला काय मिळालं, कोणाला काय मिळायचं आहे, याची संकलन यादी पुरी करा आणि राहिलेल्यांना जमीन द्या. साठ वर्षांनी माणसं जमिनीच्या आधी यादी मागत होती.

या माहितीपटासाठी हे सगळं आज पुन्हा मांडण्याचं कारण आहे. सह्याद्रीत आता उदंचन जलविद्युत प्रकल्पांची रांग लागली आहे. वर एक तलाव, खाली एक तलाव. वीज स्वस्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, महाग असेल तेव्हा खाली सोडायचं. सौरऊर्जा वाढते आहे, तशी अशा प्रकल्पांची गरज खरी आहे. पाटण तालुक्यातल्या तारळीचंही नाव या यादीत आहे, म्हणजे पुन्हा हाच तालुका. जनसुनावणीची नोटीस तलाठी कार्यालयाच्या फळ्यावर लागेल, तेव्हा गावानं किती मेगावॉट आणि किती कोटी हे ऐकून घेण्याआधी एवढं विचारावं: आम्हाला द्यायची जमीन कोणत्या गावात, कोणत्या गट नंबरात आहे, तिला पाणी कुठून येणार, आणि तिचा सातबारा आमच्या नावावर पहिला ट्रक घाट चढण्याआधी होणार की नंतर. उत्तर तोंडी घेऊ नये. इतिवृत्तात लिहून घ्यावं, खाली अधिकाऱ्याची सही आणि तारीख घ्यावी, आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी.