मे महिना, कशेडी घाट आणि पूर्ण तिकीट

अध्यक्ष महाराज आणि श्रोतेहो,

'कौटुंबिक सहल आणि कुमारवय' हा विषय संयोजकांनी सुचवला, तेव्हा कोकणच्या रातराणी एसटीबद्दल बोलू देणार असाल तरच येतो, असे मी कळवले होते. कारण मूल मुक्कामी पोहोचून नव्हे, तर वाटेत मोठे होते, असे माझे ठाम मत आहे. मोठेपणाची वये सरकारने ठरवून दिली आहेत खरी, पण त्यांचा एकमेकांशी मेळ नाही. मतदानासाठी 1989 पर्यंत 21 वर्षे लागत, मग 18 पुरेशी झाली. एसटी मात्र 12 पूर्ण होताच मुलग्याचे अर्धे तिकीट काढून घेते. (त्यामुळे कित्येक घरांतली मुले वर्षानुवर्षे साडेअकराचीच राहिली, हे आपल्या हशावरून दिसतेच आहे.)

1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. त्याआधी चाकरमान्यांचा मे महिना बहुधा एसटीच्या आरक्षणाच्या रांगेतच सुरू होई. अशाच एका मे महिन्यात आम्ही गावी निघालो, मी तेव्हा नववीत जाणार होतो. आमच्या वडिलांचा दरारा असा, की घरातला रेडिओही त्यांना विचारून लागत असे. पोलादपूर मागे पडले, कशेडीची वळणे सुरू झाली आणि याच वडिलांना गाडी लागली. आलेपाक झाला, लिंबू हुंगून झाले. अखेर खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून ते डोळे मिटून बसले. आईच्या मांडीवर धाकटी झोपली होती. नेमके तेव्हाच पोलादपूरला चढलेले तपासनीस आमच्या बाकाशी आले आणि त्यांनी विचारले, "मोठं कोण आहे बरोबर?" वडिलांनी डोळे न उघडता खिशातले पाकीट काढून माझ्या हातात दिले. त्यात तिकिटांच्या मागे, चार घड्या घातलेली, पतपेढीतून घेतलेल्या उचलीची चिठ्ठी होती. आमची सुट्टी, धाकटीचा फ्रॉक, मामांसाठी घेतलेली मिठाई, सगळे तिच्यावर चालले होते. मी तिकिटे दाखवली आणि चिठ्ठी होती तशी परत ठेवली. खेडला उतरून सोडा आणला, तेव्हा तो पिऊन वडिलांनी उरलेल्या पैशांचा हिशेब विचारला, पाकीट मात्र गाव येईपर्यंत मागितले नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा घाईने मांडतो. मोठे व्हायला आई-वडिलांची अगतिकता दिसणे आणि त्याच क्षणी खरे काम अंगावर पडणे, या दोन्ही गोष्टी लागतात. नुसती पहिली घडली तर मूल घाबरते, नुसती दुसरी घडली तर ते वैतागते. आजच्या सहलीत तिकिटे वडिलांच्या मोबाइलवर, नाश्ता आगाऊ भरलेल्या पैशांत आणि कर्जाचे हप्ते बंद दाराआड असतात. मग मुले मोबाइलमध्ये डोके घालून बसतात अशी तक्रार करताना, त्यांना दुसरे काम कोणते दिले होते, हे आपण सांगत नाही.

मुलींचा मुद्दा राहिलाच. धाकटे भावंड, पाण्याचा तांब्या आणि ओकारीची पिशवी त्यांच्या हाती दहाव्या वर्षीच आली, पाकीट मात्र कधीच आले नाही. खरे तर व्याख्यान यावरच व्हायला हवे होते, पण अध्यक्ष उभे राहिले आहेत.