सामना संपल्यावर घरी कसं जायचं?

नमस्कार श्रोतेहो.

ऑटवात सध्या आइस हॉकीचा विषय निघाला की दोन वाक्यांत गोष्ट खेळाडूंवरून पार्किंगवर येते. सेनेटर्स, म्हणजे आपला संघ, खेळतो कनाटाला. कॅनडाच्या संसद भवनापासून पंचवीसेक किलोमीटर पश्चिमेला, क्वीन्सवे महामार्गाच्या कडेला. सप्टेंबर २०२४ मध्ये संघ आणि राजधानीतल्या सरकारी जमिनी सांभाळणारं नॅशनल कॅपिटल कमिशन यांच्यात लब्रेटन फ्लॅट्सच्या जमिनीबद्दल तत्त्वतः करार झाला. तेव्हापासून नवं अरिना डाउनटाउनला लागून बांधायची तयारी चालली आहे. तिथे गेल्यावर प्रेक्षक वाढतील का, हा आजचा विषय.

माझं मत आधीच सांगून टाकते. वाढतील. पण अरिना नकाशाच्या मध्यावर आलं एवढ्यानं ते आपोआप होणार नाही. मंगळवारी रात्री साडेनऊ-पावणेदहाला सामना संपल्यावर माणूस घरी कसा पोचतो, त्यावर ते ठरेल.

मंगळवार मी मुद्दाम म्हणते. एका हंगामात घरच्या बर्फावर चाळीसेक सामने होतात. टोरांटो किंवा मॉन्ट्रिऑलचा संघ शनिवारी आला, तर अरिना चंद्रावर बांधलं तरी भरेल. या शहरात निम्मे लोक लहानपणापासून लीफ्स नाहीतर कॅनेडियन्सचे भक्त. त्या रात्री आपल्याच घरात निळे आणि लाल शर्ट जास्त दिसतात. प्लेऑफचंही, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांचंही, तसंच. २०२५ च्या वसंतात सेनेटर्स २०१७ नंतर पहिल्यांदा प्लेऑफला पोचले, तेव्हा कनाटा कुणालाही लांब वाटलं नाही. कस लागतो तो फेब्रुवारीतल्या आडवारच्या सामन्याला, समोर मधल्या फळीतला एखादा संघ असताना. असं तिकीट लोक महिनाभर आधी काढत नाहीत. दुपारी चारला ऑफिसात बसून फोनवर बघतात, घरी विचारतात, "जायचं का आज?" आणि त्या क्षणी डोळ्यांसमोर रस्ता येतो.

तो रस्ता कसा आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. ऑर्लीन्सला राहणाऱ्याला शहराच्या पूर्व टोकापासून पश्चिम टोकाला जायचं, तेही साडेपाचच्या गर्दीत, सगळं ऑफिस त्याच दिशेनं घरी निघालेलं असताना. सामन्याच्या दिवशी शहराची बससेवा, ओसी ट्रान्स्पो, खास बस सोडते, पण त्याही त्याच क्वीन्सवेवर अडकतात. आणि परतीचं तर विचारूच नका. बाहेर उणे वीस. गाडीची काच बर्फानं पांढरी झालेली. एक जण स्क्रेपरनं काच खरवडतोय, दुसरा पेंगुळलेल्या पोराला मागच्या सीटवर कोंबतोय, त्याच्या हातमोज्याला अजून पॉपकॉर्नचं बटर. मग लाल दिव्यांची रांग, तिच्यात बसून राहायचं. आणि सकाळी शाळा. ज्यानं एकदा हे केलं, तो पुढच्या मंगळवारी सामना टीव्हीवरच बघतो. त्याला दोष कसा द्यायचा?

मुळात अरिना तिथे गेलं कारण जमीन तिथे होती. ऑटवाला संघ मिळाला डिसेंबर १९९० मध्ये. सुरुवातीची वर्षं तो लॅन्सडाउनच्या जेमतेम दहा हजारांच्या सिव्हिक सेंटरमध्ये खेळला, आणि कनाटाच्या शेतजमिनीवर नवी वास्तू जानेवारी १९९६ मध्ये उघडली. परवानगी देताना आसनांची संख्या कमी करायला लावली होती, आणि महामार्गावरून आत वळायच्या इंटरचेंजचा खर्चही संघालाच करावा लागला. शहर पश्चिमेकडे वाढेल, हा अंदाज बरोबर ठरला. तिथवर रेल्वे मात्र आजही नाही. २०१७ मध्ये संघ थेट कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगमधल्या निम्म्या संघांच्या गटाच्या, अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत गेला, आणि त्याच प्लेऑफमध्ये दुसऱ्या फेरीला खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पुढच्या हंगामात वरच्या मजल्यावरच्या सुमारे दीड हजार खुर्च्या कापडानं झाकून टाकल्या. त्या झाकलेल्या खुर्च्या बघून माझा जीव तुटला होता.

मी मूळची नागपूरची, त्यामुळे मला हे नवीन नाही. आमचं जुनं क्रिकेटचं मैदान सिव्हिल लाइन्सला, भर वस्तीत. २००८ मध्ये कसोटी सामने वर्धा रोडवर जामठ्याला गेले. पहिलाच सामना ऑस्ट्रेलियाविरुद्ध, गांगुलीची शेवटची कसोटी, आणि तरी त्या देखण्या स्टेडियमात रिकाम्या खुर्च्या दिसत राहिल्या.

आता लब्रेटन. ही जागा अनेक दशकं शहराच्या मनाला टोचत राहिली आहे. १९६२ मध्ये सरकारनं इथली कामगारांची वस्ती ताब्यात घेऊन पाडली, आणि मग बराच काळ तिथे नुसतं माळरान. २००५ मध्ये वॉर म्युझियम आलं. मधे एकदा अरिनाची योजना मंजुरीपर्यंत पोचली आणि भागीदारांच्या भांडणात कोर्टात जाऊन बुडाली. जागेचं खरं बळ तिच्या दोन्ही बाजूंना आहे: इकडे पिमिसी स्टेशन, तिकडे बेव्ह्यू. शहरी रेल्वेची पूर्व-पश्चिम धावणारी लाइन १ सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. दक्षिणेकडे जाणारी लाइन २ जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि दोन्ही बेव्ह्यूला भेटतात. म्हणजे ऑर्लीन्सच्या बाजूचा माणूस ब्लेअरला गाडीत बसून थेट येईल, आणि कार्लटन विद्यापीठातली मुलं एकदाच गाडी बदलून.

आणि नदीपलीकडे गॅटिनो शहर. या फायद्याबद्दल फार कुणी बोलत नाही, मला तो सगळ्यात मोठा वाटतो. गॅटिनोहून कनाटा म्हणजे आधी पूल, मग डाउनटाउन, मग क्वीन्सवे. लब्रेटन मात्र शोडिएर पुलाच्या या टोकाला. गॅटिनोच्या हल भागातून माणूस चालत येईल. २०२३ पासून चीफ विल्यम कमांडा पुलावरून पायी आणि सायकलनंही येता येतं. आज मॉन्ट्रिऑलचा शर्ट घालणारी गॅटिनोची पोरं चालत पोचता येईल अशा अरिनात चार वेळा आली, तर त्यातली काही आपली होतील. प्रेक्षक असाच पिढीपिढीनं तयार होतो.

याच जागेवर दर जुलैत ब्लूजफेस्ट हा संगीत महोत्सव भरतो. हजारो लोक येतात, रात्री उशिरा निघतात, आणि त्यांच्यासाठी कुणी मैलभर पार्किंग बांधून ठेवलेलं नाही. अर्थात तो जुलै. जानेवारीत उघड्या फलाटावर उभं राहणं वेगळं.

गावाच्या मध्यात गेलं की झालं, असं समजणाऱ्यांनी ब्रुकलिनकडे बघावं. न्यूयॉर्क आयलंडर्स २०१५ मध्ये लाँग आयलंडवरचं जुनं घर सोडून बार्कलेज सेंटरला आले. दाराशी भुयारी रेल्वेच्या नऊ लाइन आणि लाँग आयलंड रेलरोडचं टर्मिनल. याहून सोयीचा पत्ता अमेरिकेत सापडणं कठीण. तरी प्रेक्षकसंख्येत संघ तळाशी राहिला. कारण ते बांधलं होतं बास्केटबॉलसाठी. हॉकीचं रिंक एका बाजूला सरकलेलं, स्कोअरबोर्ड मध्यभागी नाही, आणि काही खुर्च्यांवरून एक गोल दिसतच नसे. शिवाय संघाचे जुने प्रेक्षक होते लाँग आयलंडवरच्या नासाऊ आणि सफोकमध्ये, त्यांना ब्रुकलिन आपलं वाटलंच नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये संघ एलमाँटला गेला, नासाऊच्या उंबरठ्यावर, हॉकीसाठी बांधलेल्या यूबीएस अरिनात, आणि तिथे रेल्वेचं नवं स्टेशनही बांधलं.

फिनिक्सचं उलटं झालं. तिथला संघ, कायोटीज, डिसेंबर २००३ मध्ये डाउनटाउन सोडून पश्चिमेला ग्लेंडेलला गेले, आणि तिकिटं घेणारी बरीच मंडळी पूर्वेला, स्कॉट्सडेलकडे. अख्खं महानगर ओलांडून संध्याकाळी कोण जाणार? शेवटी २०२४ मध्ये संघाचा सगळा ताफा सॉल्ट लेक सिटीला गेला. डेट्रॉइटला २०१७ मध्ये भर शहरात झकास नवं अरिना उघडलं, पण त्याच वर्षी तिथल्या रेड विंग्ज संघाची सलग पंचवीस हंगामांची प्लेऑफची परंपरा तुटली होती. टीव्हीवर लाल खुर्च्या रिकाम्या दिसायच्या. वर्षभरात त्या काळ्या करून टाकल्या.

तेव्हा लब्रेटनबद्दल बोलताना कुणाचं नुकसान होणार, तेही उघडपणे बोलूया. कनाटा, स्टिट्सव्हिल, बारहेवन. आपली कितीतरी मराठी कुटुंबं तिथेच आहेत. कनाटाच्या टेक कंपन्यांमध्ये नोकरी, पोरं शेजारच्या रिंकवर स्केटिंग शिकतात. आज अरिना त्यांच्या दारात आहे. रेल्वेचं पश्चिमेकडचं काम मूडी ड्राइव्हपर्यंतचं, कनाटापर्यंतचं नाही. म्हणजे ईगलसनच्या पार्क अँड राइडला गाडी लावायची, बस घ्यायची, मग रेल्वे. जाताना ते जमेल. परतताना डाउनटाउनहून गाड्या मध्यरात्रीनंतरही असतात, पण उपनगरातल्या बस रात्री विरळ होतात, आणि दोन मुलं घेऊन बसथांब्यावर ताटकळायला कुठली आई तयार होईल?

रेल्वेवरचा विश्वास ही दुसरी अडचण. २०२१ मध्ये आपली गाडी दोनदा रुळावरून घसरली, कित्येक आठवडे बंद होती, आणि त्यावर सार्वजनिक चौकशी झाली. सतरा-अठरा हजार लोक एकाच वेळी दोन स्टेशनांवर उतरतील, त्यातल्या एका रात्री दरवाजा अडकला की तो अनुभव पुढचा हंगामभर सांगितला जाईल. तिसरी गोष्ट, ऑफिसचे लोक. डाउनटाउन अरिना भरतं ते पाच वाजता जवळपास असलेल्या माणसांनी. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस ऑफिसला यायचा नियम आला. जो सामन्याच्या दिवशी घरून काम करतो, त्याच्यासाठी लब्रेटनही लांबच.

म्हणून माझं सांगणं असं आहे. सिॲटलमध्ये क्रॅकन संघाच्या तिकिटातच बस-रेल्वेचं भाडं धरलेलं असतं. आपल्याकडे ते पहिल्या दिवसापासून हवं. सामना संपल्यावर जास्तीच्या गाड्या हव्यात, आणि ओव्हरटाइम झाला तर त्यांनी थांबायला हवं. कनाटा आणि बारहेवनला थेट परतीच्या बस हव्यात. आणि वरच्या मजल्यावर चौघांच्या कुटुंबाला परवडतील अशा खुर्च्या हव्यात, कारण नव्या इमारतीत महागडे बॉक्स आधी आखले जातात आणि स्वस्त जागा उरल्यासुरल्या कोपऱ्यात जातात. आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला पत्र लिहायचं असेल, तर या चार मागण्या लिहा, आणि अरिनाचे आराखडे पक्के व्हायच्या आधी लिहा.

नमस्कार.