उशिरा जन्मलेले जुळे

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

घोड्याचे क्लोनिंग इतके अवघड का, हा आजचा जाहीर विषय आहे. त्याआधी एका शब्दाबद्दलची माझी जुनी तक्रार मात्र ऐकावी लागेल. क्लोनची, म्हणजे एका प्राण्याच्या पेशीपासून घडवलेल्या त्याच्याच जनुकांच्या दुसऱ्या प्राण्याची, बातमी आली की ‘हुबेहूब प्रत’ असे छापले जाते, आणि ते चूक आहे.

इटलीत क्रेमोना येथे सेझारे गाल्ली यांच्या प्रयोगशाळेत २८ मे २००३ रोजी प्रोमेतेआ नावाचे हाफ्लिंगर जातीचे शिंगरू जन्मले. क्लोनिंगने जन्मलेला हा जगातला पहिला घोडा. ज्या घोडीच्या कातडीची पेशी घेतली, तिच्याच पोटात हे शिंगरू वाढले. म्हणजे त्या घोडीने आपल्याच जुळ्या बहिणीला जन्म दिला. मावशी आणि आत्या, मामी आणि काकू यांना वेगळी नावे देणाऱ्या आपल्या भाषेतही या नात्याला शब्द नाही. मी त्याला उशिरा जन्मलेले जुळे म्हणतो.

हे जुळेपणही पुरते नसते. स्त्रीबीज दुसऱ्या घोडीचे असेल, तर त्यातील मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे आणि स्वतःची थोडी जनुके असलेले घटक, तिचेच राहतात. सारंगखेड्याच्या बाजारात ज्यांनी घोडा पारखला आहे, त्यांना दुसरी गोष्ट लगेच पटेल: पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरे असलेल्या, घोड्याचा क्लोन पंचकल्याणीच निघेल याची हमी नाही, कारण पांढऱ्या खुणा जनुकांइतक्याच गर्भातील रंगपेशींच्या प्रवासावरही ठरतात.

कोणी विचारील, मग पोलोत क्लोन मूळ घोडीसारखेच जिंकतात, त्याचे काय? डिसेंबर २०१६ मध्ये आदोल्फो काम्बियासो या अर्जेंटिनाच्या पोलोपटूने ब्यूनॉस आयर्समधील पालेर्मोच्या अंतिम सामन्यात क्वार्तेतेरा या घोडीच्या सहा क्लोनवर स्वार होऊन विजय मिळवला, हे खरेच आहे. पण त्या सहाही घोड्यांना खेळ शिकवावाच लागला, तो पेशीतून आला नव्हता.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून मूळ विषय थोडक्यात सांगतो. घोडी एका ऋतुचक्रात बहुधा एकच स्त्रीबीज देते आणि गाईप्रमाणे औषधांनी अनेक बीजे सहज देत नाही, त्यामुळे ती कत्तलखान्यातून मिळवावी लागतात किंवा सुईने काढावी लागतात. केंद्रक काढून त्या जागी दुसरी पेशी बसवली, तरी बहुतेक भ्रूण टिकत नाहीत; प्रोमेतेआसाठी ८४१ भ्रूण घडवले गेले आणि शिंगरू एकच जन्मले. अकरा महिन्यांनंतर जन्मणाऱ्या काही शिंगरांची नाळ जाड असते, पाय वाकडे असतात.

एवढे करून लाभ कोणाला? खच्ची केलेल्या उत्तम घोड्याचा वंश पुढे चालू शकतो: पिएराझ या लांब पल्ल्याच्या शर्यतींतील विजेत्याचा क्लोन २००५ मध्ये त्यासाठीच जन्माला घातला गेला. थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीच्या नोंदवहीत मात्र क्लोनला जागा नाही.

सर्वांत मोलाचा उपयोग प्रझेवाल्स्की या दुर्मिळ रानघोड्यासाठी झाला. सॅन डिएगोत १९८० साली गोठवलेल्या पेशीतून ऑगस्ट २०२० मध्ये टेक्सासात कुर्ट नावाचा क्लोन जन्मला. त्याला पाळीव घोडीने वाढवले होते, त्यामुळे रानघोड्यांचे वागणे शिकण्यासाठी त्याच जातीची एक शिंगी सोबतीला द्यावी लागली.