पिशवी काढल्यावर

(दृश्य : पहाटेचा अंधार, उसाच्या फडाजवळच्या कोप्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्या, एकीत चूल पेटलेली.)

चार वाजलेत. दुपारच्या भाकरीही आत्ताच थापून घ्यायच्या, कारण उजाडायच्या आत फडात पोचायचं आहे. बाहेर थंडी मी म्हणतेय, आणि भाकरी थापणारी बाई पदरानं मानेवरचा घाम पुसतेय. रात्रीतही ती अशीच भिजून उठली होती. अंगातून वाफा निघतात, छातीत धडधडतं, मग झोप लागत नाही.

वय असेल अडतीस-चाळीस. पाळी जाण्याचं हे वय नाही. भारतात साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास पाळी जाते. हिची गेली, कारण गर्भाची पिशवी काढली.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या या शस्त्रक्रियांचा २०१९ मध्ये गवगवा झाला. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींमागे एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

कारणं आता सगळ्यांना पाठ आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे हिशेब जोडीचा. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली. एक दिवस काम चुकलं तर खाडा, त्याचा दंड. फडात ना आडोसा, ना पाणी. अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात जावं, तर 'गाठ आहे, उद्या कॅन्सर होईल' अशी भीती डॉक्टर घालायचे. काढून टाकली की कटकट मिटली, असं बाईलाही वाटायचं.

कटकट मिटत नाही, त्याची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

(दृश्य : फड. मोळी बांधणारे हात.)

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, तर शरीरातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन काही दिवसांतच कोसळतं. एरवी जी उतरण काही वर्षं चालते, तो इथे कडेलोट होतो. मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग बिथरतो, जरा कुठे ऊब वाढली की घाम फोडतो. रात्री झोप तुटते. झोप तुटली की दिवसा डोकं सटकतं, पोरांवर हात उगारला जातो, मग त्याचंच रडू येतं. अंडाशयं ठेवली असली तरी ती थोडी लवकर थकण्याची शक्यता असते.

घरच्यांना दिसते ती फक्त चिडचिड. कुणी म्हणतं कामचुकार झाली, कुणी म्हणतं बाहेरचं काही लागलं, देवऋषाकडे न्या. अडतिशीतल्या बाईला पाळी जाण्याचा त्रास असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. तिच्याही नाही.

यावर शहरातला सल्ला ठरलेला : रोज अर्धा तास चाला, छंद जोपासा. दिवसभर डोक्यावरून मोळ्या वाहणाऱ्या बाईला 'चालायला जा' म्हणणं ही थट्टाच झाली.

तिच्यासाठी पहिलं काम वेगळं आहे. ट्रंकेत, कपड्यांच्या घडीखाली ठेवलेलं डिस्चार्ज कार्ड शोधायचं. नेमकं काय काढलं, ते त्यावर लिहिलेलं असतं. कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफीत बहुतेकदा कळतं. यावरच पुढचे उपचार ठरतात. चाळिशीच्या आत दोन्ही अंडाशयं गेली असतील, तर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोनच्या गोळ्या घेण्याचा सल्ला सहसा दिला जातो. घाम आणि झोपमोड त्यानं कमी होते, हाडंही सांभाळली जातात. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल किंवा रक्ताच्या गाठी होत असतील, तर हा मार्ग बहुधा बंद. म्हणून गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणायच्या नाहीत, स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारूनच घ्यायच्या. थायरॉइडही तपासून घ्यावं, त्याची लक्षणं अशीच असतात.

दुसरं, वाफ आली की मनात काय येतं, त्याकडे बघायचं. 'आता माझं काही खरं नाही' असं वाटलं की धडधड आणखी वाढते. ही वाफ बहुधा पाच मिनिटांच्या आत ओसरते, एवढं ठाऊक असलं तरी घाबरणं कमी होतं. टोळीत पिशवी काढलेल्या आणखी दोघी-तिघी असतातच. भाकरी थापताना त्यांच्याशी एकदा बोललं, तर आपल्याला वेड लागलेलं नाही हे तरी कळतं. रात्री झोपताना मिशरी लावायची सवय असेल तर ती सोडणं अवघड, पण तंबाखू झोप उडवते.

जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. फुकट, रात्रंदिवस, मराठीतही बोलता येतं.

उचल आणि खाडा यांचा ताण कुठल्याच गोळीनं जात नाही. तो मुकादम, म्हणजे टोळी पुरवणारा कंत्राटदार, आणि कारखाना यांच्या हिशेबातला ताण आहे, आणि तो बाईच्या हार्मोनवर ढकलणं सोयीचं असलं तरी खोटं आहे.

(दृश्य : ट्रॅक्टरवर लादलेला संसार, गावातून निघणारी टोळी.)

दसरा झाला की टोळ्या निघतात, सहा-सहा महिने. गावातल्या आशाताईंचा संपर्क तुटतो, सुरू केलेले उपचारही तिथेच राहतात. त्यामुळे निघण्याआधी डॉक्टरांना सांगून काही महिन्यांच्या गोळ्या एकदम घ्याव्यात. डिस्चार्ज कार्डाचा फोटो नवऱ्याच्या नको, स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवावा. कारखान्याजवळच्या नव्या डॉक्टरला तोच आधी दाखवायचा आहे.