लेकराला घेऊन रानात मुक्काम

नमस्कार मंडळी. आज बोलणार आहे लहान मुलाला घेऊन रानात रात्र काढण्याबद्दल. कॅम्पसाइटवर नाही हं, जिथे नळ नाही, संडास नाही, शेजारी दुसरा तंबू नाही अशा जागी. आईबाबा सगळ्यात आधी विचारतात, मूल किती वर्षांचं झालं की न्यावं? मी म्हणते वयाचं नंतर बघू, आधी पोचायची वेळ ठरवा. सूर्य मावळायच्या दोन-तीन तास आधी मूल त्या जागेवर असलंच पाहिजे, यात अजिबात तडजोड नको.

आता का, ते सांगते. मोठी माणसं काय, अंधारात पोचली तरी टॉर्च लावून तंबू उभा करतात आणि झोपतात, पण मुलाने ती जागा उजेडात बघितलेलीच नसेल तर रात्री दोनला जाग आल्यावर त्याला कळतच नाही आपण कुठे आहोत आणि मग जे रडणं सुरू होतं ते थांबत नाही. म्हणून उजेड असेपर्यंत त्याला तंबूभोवती मनसोक्त फिरू द्या, हा मोठा दगड, इथून पाण्याचा आवाज येतो, त्या झुडपामागे शू करायची, सगळं त्याचं त्याला दाखवू द्या. पेग, म्हणजे तंबूचे खुंटे, ठोकायला त्यालाच द्या, वाकडे ठोकले तर नंतर गुपचूप सरळ करा. आणि तंबूची चेन आतून उघडायची कशी ते त्याच्याकडून तीन-चार वेळा करून घ्या, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. ज्या पोराला चेन स्वतः उघडता येते ते आत कोंडल्यासारखं घाबरत नाही.

जागा निवडताना नदीच्या पात्रातली वाळू बघून मोह होतो, सपाट असते, मऊ असते, पण वर डोंगरात पाऊस झाला तर आपल्या डोक्यावर ढग नसतानाही पाणी येऊ शकतं, तेव्हा नको. दरीच्या अगदी तळाशीही नको, रात्री थंड हवा जड होऊन तिथेच साचते. तंबू लावायच्या आधी वर बघा, वाळकी फांदी लटकत नाही ना. आणि परवानगी लागते का ते आधीच विचारा, देशोदेशीचे नियम फार वेगळे आहेत. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात तंबू लावता येतो पण राहत्या घरापासून १५० मीटर लांब, आणि कितीतरी ठिकाणी परवानगीशिवाय थांबताच येत नाही.

थंडीचं मात्र नीट ऐका. वजनाच्या मानाने लहान मुलाची त्वचा जास्त असते, त्यामुळे अंग लवकर गार पडतं. उंचीवर दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, आणि सगळ्यात गार वेळ पहाटेची, नेमकी आपल्याला गाढ झोप लागलेली असते तेव्हाची. पांघरुणं वाढवून फार उपयोग होत नाही, ऊब जाते ती खालून, जमिनीत, त्यामुळे पैसे खर्च करायचेच तर चांगल्या मॅटवर करा. मोठ्यांची स्लीपिंग बॅग दिली असेल तर पायाकडचा रिकामा भाग दुमडून खाली घाला, नाहीतर तेवढी हवा गरम करण्यातच पोराची ऊब जाते. झोपण्याआधी आतल्या बनियनपासून सगळे कपडे बदला, दिवसभराचा घाम त्यात असतो. मुलाला तंबूच्या भिंतीला चिकटून झोपवू नका, श्वासाची वाफ कापडावर आतून थेंब होऊन बसते, बॅगचं टोक तिथे टेकलं की पहाटेपर्यंत पाय ओले.

आणि कितीही गारठा असू दे, तंबूत शेगडी, स्टोव्ह किंवा विझत आलेले निखारे आणायचे नाहीत म्हणजे नाहीत, दार थोडं उघडं ठेवूनसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

आवाजांना मुलं घाबरतात. तेव्हा "काही नाही रे, झोप" म्हणू नका, आवाज तर त्यालाही आलेला असतो. काय असेल ते दोघं मिळून शोधा. सगळे टॉर्च बंद करून बाहेर वीस-तीस मिनिटं बसलात तर डोळे अंधाराला सरावतात, मग चांदणं इतकं दिसतं की पोर भीती विसरून प्रश्नच विचारत सुटतं.

मुलाच्या गळ्यात शिट्टी हवी. चुकलास तर चालायचं नाही, जवळच्या झाडापाशी थांबायचं आणि तीन-तीनदा वाजवायची, हे निघायच्या आधी घरीच खेळून घ्या. ओढ्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा, २००० मीटरच्या वर असाल तर तीन. शी साठी खड्डा १५-२० सेंटिमीटर खोल आणि पाण्यापासून ६० मीटर तरी लांब.

एवढं करूनही रात्री पोर म्हणालं घरी जायचंय आणि समजूत पटत नसेल, तर रागावू नका, निघा. म्हणूनच पहिल्या वेळी गाडीपासून अर्ध्या तासाच्या पायवाटेवरच थांबा, ती वाट उजेडात मुलाबरोबर एकदा चालून ठेवा आणि बूट तंबूच्या आतच ठेवा, फक्त घालताना झटकून घाला.