फुकटात मिळालेलं अमरत्व

मंडळी, व्हॅम्पायरची कादंबरी आणि अपेक्षाभंग असा विषय निघाला की पहिली तक्रार ठरलेली असते: उन्हात हिऱ्यासारखा चमकणारा कसला आलाय रक्तपिपासू? स्टेफनी मेयरच्या 'ट्वायलाइट' मालिकेवर हा आरोप २००५ सालापासून, म्हणजे पहिलं पुस्तक आल्यापासून होतोय. मला तो पटत नाही. ब्रॅम स्टोकरचा १८९७ सालचा ड्रॅक्युला भर दिवसा लंडनच्या पिकॅडिलीत फिरतो. दिवसा त्याची शक्ती घटते, एवढंच. उन्हानं पिशाच मरतं ही कल्पना रूढ केली ती १९२२च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटानं. तेव्हा चमकू दे बापड्याला. आपल्या पिशाचाचे नियम ठरवायचा हक्क प्रत्येक लेखकाला आहे. मात्र एकदा ठरवलेत, की ते पाळायचे.

माझं भांडण आहे ते चौथ्या पुस्तकाशी, 'ब्रेकिंग डॉन'शी. २ ऑगस्ट २००८ला ते आलं आणि पहिल्याच दिवशी एकट्या अमेरिकेत १३ लाख प्रती खपल्या. साडेसातशे पानांचा ठोकळा. वाचकांनी तो मध्यरात्री रांगा लावून घेतला, कारण आधीच्या तीन पुस्तकांनी त्यांना एका प्रश्नाला लटकवून ठेवलं होतं: नायिका बेला आपलं माणूसपण सोडणार का, आणि त्यासाठी काय काय गमावणार?

गमावण्याची यादी मेयरबाईंनीच केली होती. बेला ही वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स या सदा पावसात भिजणाऱ्या गावच्या पोलीसप्रमुखाची मुलगी. तिचा प्रियकर एडवर्ड पिशाच, त्याच्यासारखी झाली की बापाला पुन्हा तोंड दाखवायचं नाही. जेकब, तिचा जिवाभावाचा मित्र, लांडग्याचं रूप घेणाऱ्यांपैकी. तो कायमचा तुटणार. नव्यानं पिशाच झालेल्याला वर्षभर तहान आवरत नाही, हे तर तिसऱ्या पुस्तकात सिएटलमधल्या खुनांच्या मालिकेनं दाखवूनच दिलं. आणि मूल? एडवर्डची मानलेली बहीण रोझली बेलाला समोर बसवून आपली कहाणी सांगते. मला हे आयुष्य नको होतं, मला घर आणि लेकरू हवं होतं. तू कशाला आपण होऊन या वाटेला लागतेस? त्या पुस्तकातलं सगळ्यात खरं बोलणं ते हेच.

आता चौथ्यात काय होतं बघा. मूल होतं. बेला मरता मरता पिशाच होते आणि पहिल्यांदाच शिकारीला जाते. हरणांचा माग काढता काढता वाऱ्यावर माणसाचा वास येतो, ती बेभान धावत सुटते. इथे माझाही श्वास अडकला होता. आता काहीतरी भयंकर, भरून न येणारं घडणार! तर बाई मध्येच थबकतात, श्वास रोखतात, उलट्या दिशेला पळतात आणि एक डोंगरी सिंह मारून तहान भागवतात. एडवर्ड थक्क. वाचकाला तीन पुस्तकं ज्याचा धाक घातला, तो काही परिच्छेदांत संपला.

बापाचं म्हणाल, तर जेकब त्याच्यासमोर लांडगा होऊन दाखवतो, आणि बाप म्हणतो, गरजेपुरतं तेवढंच सांगा. मुलगी, नात, सगळं त्याला मिळतं. जेकबचा जीव जडतो तो त्या नवजात मुलीवरच, जन्मभरासाठी. यावर मी जास्त बोलत नाही, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय.

आपल्यापैकी अनेकांना हा प्रकार पहिल्यांदा भेटला तो नारायण धारपांच्या 'लुचाई'त, स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेल्या. तिथे पिशाच झालेला माणूस दारात आला, तरी तो आपला उरलेला नसतो. भीती दातांची नसतेच, ती या परकेपणाची असते. मेयरना ती नकोच आहे.

शेवट तर कहर. बेलाची मुलगी धोकादायक आहे अशा फिर्यादीवरून इटलीहून वोल्तुरी येणार, ते पिशाचांचे राज्यकर्ते. साक्षीदार जमवले जातात, मुलीला वाचवून दूर पाठवण्यासाठी खोटी कागदपत्रं तयार होतात, बर्फाच्या मैदानात दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या राहतात. आणि मग सरकारी कचेरीत हरवलेला दाखला सापडावा, तशी ॲलिस, एडवर्डची भविष्य दिसणारी मानलेली बहीण, दक्षिण अमेरिकेतून एक अर्धपिशाच तरुण आणून उभा करते, अशी मुलं धोकादायक नसतात याचा पुरावा म्हणून. मंडळी माघारी! मरते ती एक इरिना नावाची पिशाच, ती खोटी फिर्याद केली म्हणून, तीही वोल्तुरींच्याच हातून. २०१२च्या चित्रपटवाल्यांनी इथे घनघोर लढाई दाखवली आणि ती ॲलिसला दिसलेली भविष्यातली शक्यता होती असं सांगून परत घेतली. म्हणजे पोकळी त्यांनाही जाणवलीच असणार.

तुम्ही म्हणाल, स्वप्नरंजन आहे, सोडून द्या. सोडलंही असतं. पण याच पुस्तकाचा मधला भाग जेकबच्या तोंडून येतो, तिखट आणि विनोदी, आणि त्यात लिआ आहे. जेकबच्या लांडग्यांच्या टोळीतली एकटी मुलगी. तिचा प्रियकर तिच्याच नात्यातल्या बहिणीचा झाला, बाप गेला, आणि लांडगा झाल्यापासून तिची पाळी थांबलीय. आपल्याला मूल होणार नाही, आपला वंश इथेच संपणार, हे ती जेकबला कोरडेपणानं सांगते. बेलाकडून जे जे घेतलं जाईल म्हणून बजावलं होतं, त्यातलं बरंचसं लिआकडून खरोखर घेतलं गेलंय. तिच्यावर एक अख्खी कादंबरी उभी राहिली असती. मेयरबाई तिला जेकबच्या हाताखालची दुय्यम करतात आणि तिसऱ्या भागात बेलाच्या नव्या घराचं वर्णन करायला निघून जातात.